न पाठवलेली बशी

बतूलला दिवस गेले आणि तिच्या जिभेचा ताबा इमारतीकडे गेला.

इमारत चार मजल्यांची, मोरोक्कोतल्या साफीच्या बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावरची. लग्न होऊन बतूल तिथे आली त्याला आठ वर्षं झाली होती. ती शाळेत भूगोल शिकवायची. जिन्यातल्या बायका तिला सलाम करायच्या, पण कमीत कमी जेवढा करता येईल तेवढाच. त्यांचंही बरोबर होतं. मूल नसलेल्या बाईशी जिन्यात उभं राहून बोलायचं तरी काय? नद्यांची खोरी? मग तिसरा महिना लागला, सासूबाईंनी ही बातमी कुणालाही सांगायची नाही अशी शपथ घालून ती तिसऱ्या मजल्यावरच्या तूरियाला सांगितली, आणि संध्याकाळपर्यंत बतूलचं पोट सार्वजनिक मालमत्ता झालं.

आमच्याकडे डोहाळ्यांच्या बाबतीत कायदा कडक आहे. गरोदर बाईच्या नाकाला वास लागला आणि तिला तो पदार्थ मिळाला नाही, तर बाळाच्या अंगावर त्याचा डाग उमटतो. तूरियाच्या भाच्याच्या मानेवर डाळिंबाच्या रंगाचा डाग आहे. तो बँकेत साहेब झाला तरी लग्नकार्यात त्याला कॉलर खाली करून डाग दाखवावा लागतो. डागावर भागलं तर नशीब. एखाद्या वेळी बाळच रुसतं आणि परत जातं. आणि याचं पाप आईला लागत नाही, ज्याच्या घरात ते शिजत होतं त्याला लागतं. त्यामुळे शिजवणारा शहाणा माणूस आधी एक बशी पाठवून मोकळा होतो आणि मग जेवायला बसतो.

तर बशा येऊ लागल्या. शुक्रवारी तूरियाकडून सात भाज्यांचा कुसकुस, सोमवारी पहिल्या मजल्यावरून मनुका घातलेलं मटण, मध्येच कुणाच्या घरून तळलेलं वांगं. आरोग्य केंद्रातल्या सुईणबाईंनी बतूलला एक वही दिली होती. तीत लिहिलं होतं की थोडं-थोडं पाच वेळा खावं, तेल कमी, मीठ कमी, लोहाची गोळी रोज, जेवणावर चहा पिऊ नये, रोज अर्धा तास चालावं आणि मन प्रसन्न ठेवावं. बतूल शिक्षिका, लिहिलेलं पाळायचं हा तिचा स्वभाव. तिने सगळं पाळलं. फक्त चहा तेवढा सुटला नाही, कारण तो सासूबाई स्वतः ओतायच्या, पुदिना घालून, हात उंच करून, आणि त्यांच्या समोर पेला पालथा घालण्याची हिंमत त्यांच्या मुलातही नव्हती.

मन प्रसन्न ठेवण्याचं खातं जरा अवघड होतं. दर तपासणीला सुईणबाई वही उघडून विचारायच्या, मनःस्थिती कशी आहे, चांगली का बरी? तिसरा पर्याय छापलेला नव्हता. बतूल म्हणायची, चांगली. आणि ते खोटं नव्हतं. छत्तिसाव्या वर्षी तिला पहिल्यांदा कळलं होतं की या इमारतीत चोवीस दारं आहेत आणि ती सगळी उघडतात. नवरा अय्याद बर्फाच्या पेट्यांचा ट्रक घेऊन आठवड्यातले चार दिवस कासाब्लांकाच्या रस्त्यावर असायचा. तोही आता वाटेतून फोन करून काय खाल्लंस विचारायचा. आधीच्या आठ वर्षांत त्याचे फोन साधारणपणे टायरविषयी असत.

त्या मंगळवारी ती शाळेतून आली आणि जिन्यात तूरिया भेटली. वरून, गच्चीवरून, तारली मासे भाजल्याचा वास येत होता. साफीत तारली भाजल्याचा वास येणं म्हणजे काही बातमी नव्हे. हे गाव तारलीवरच उभं आहे. पण गच्चीवर भाजणारी एकच, हद्दूम मावशी. गच्चीच्या कोपऱ्यात धुणी वाळत घालतात त्याला लागून एक खोली आहे, तीत ही विधवा बाई वीस वर्षं राहते. पहाटे घडीच्या पोळ्या लाटते, सकाळी बस थांब्यावर विकते, दुपारी शेगडीवर स्वतःपुरतं काही भाजते.

दोघी बोलत उभ्या होत्या. तूरियाने नाक वर करून वास घेतला आणि बतूलकडे बघितलं. गरोदर बाईकडे असं बघितलं की तिने काहीतरी म्हणायचं असतं. बतूल म्हणाली, "वास काय छान सुटलाय."

आता खरं सांगायचं तर तिला तो वास नको होता. तारल्या तिला लहानपणापासून आवडायच्या नाहीत, आणि दिवस गेल्यापासून तर त्या नुसत्या आठवल्या तरी घशाशी यायचं. पण साफीत जन्मलेल्या बाईने तारलीचं नाव घेऊन नाक मुरडणं म्हणजे मशिदीत जांभई देण्यासारखं आहे. तिने रीत पाळली, जिना चढली, घरात गेली आणि ओकली. मग तोंड धुऊन वहीत लिहिल्याप्रमाणे एक सफरचंद खाल्लं.

गच्चीवरून बशी आली नाही. बतूलच्या ते लक्षातही आलं नाही.

पुढच्या रविवारी सकाळी तिला कपड्यावर रक्त दिसलं. अय्याद घरी होता. त्याने तिला ट्रकमध्येच घालून दवाखान्यात नेलं, दुसरी गाडी मिळेपर्यंत थांबायला तो तयार नव्हता. मागे रिकाम्या पेट्या सगळ्या वाटेवर आदळत होत्या. तपासणीच्या पडद्यावर डॉक्टर बराच वेळ बघत राहिली, मग तिने पडदा स्वतःकडे वळवून घेतला. सतरावा आठवडा. ठोके नव्हते. दोन दिवसांनी, जे करायचं होतं ते सगळं झाल्यावर, बतूलने विचारलं, कशामुळे? डॉक्टर तरुण होती, थकलेली होती, आणि प्रामाणिक होती. ती म्हणाली, असं होतं. पुष्कळदा काहीच कारण सापडत नाही. तुमचं काहीही चुकलेलं नाही.

हे वाक्य बतूलने घट्ट धरून घरी आणलं. घरात ते कुणाला नको होतं.

सासूबाई, म्हणजे लल्ला रकिया, तशा दुष्ट बाई नव्हत्या. दोन दिवस त्यांनी सुनेला उठू दिलं नाही, हाताने सार पाजलं, आणि चादरीखाली तिचे पाय चेपले. पण तिसऱ्या दिवशी बायका भेटायला येऊ लागल्या, आणि येणारी प्रत्येक बाई उशाशी बसून एकच विचारायची: कशामुळे? काही कारण नाही, हे उत्तर त्यांना चालेना. कारण नाही म्हणजे ते कुणालाही होऊ शकतं, उद्या त्यांच्या लेकीलाही. पाहुण्यांना असं उत्तर देणं शोभत नाही. मग लल्ला रकियांनी चौकशी सुरू केली.

आधी शाळा सापडली. पाच-पाच तास उभं राहून फळ्यावर लिहायचं, हात वर करून. हात वर केला की नाळ गुंडाळते. मग रोजचा अर्धा तास. कोण चालतं असं, काही काम नसताना? मग सप्टेंबरातल्या मयतीचा विषय निघाला, तिथे जाऊ नको सांगितलं होतं तरी ती गेली आणि रडली. मग चहा. त्या वहीतच लिहिलेलं होतं म्हणे की चहा नको, आणि ही दिवसाला तीन-तीन पेले प्यायची. हे सांगताना लल्ला रकियांच्या हातात चहाची किटली होती.

बतूल भिंतीकडे तोंड करून ऐकत होती. एकेक बाण सरळ येत होता आणि तिच्याच अंगात रुतत होता. शेवटी सासूबाई म्हणाल्या ते अगदी हळू, जणू स्वतःशीच म्हणाल्या, की छत्तिसाव्या वर्षी झाड लावायचं तर मातीही तशी पाहिजे. बायका जमिनीकडे बघू लागल्या. दाराशी अय्याद उभा होता. ट्रकच्या किल्ल्या एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिला, आणि बतूलला वाटलं की हा आता पुन्हा टायरविषयी बोलायला लागेल, उरलेला जन्मभर.

त्याच वेळी तूरियाला आठवलं.

तूरियाचा नवरा टपाल खात्यातून निवृत्त झालेला. तिचं घर म्हणजे इमारतीचं न्यायालय. तिने पाण्याचा पेला खाली ठेवला आणि विचारलं, "बतूल, त्या मंगळवारी गच्चीवर तारल्या भाजत होत्या. तू म्हणालीस ना, वास छान सुटलाय? मग हद्दूमची बशी आली होती का?"

सासूबाईंची किटली हवेत राहिली.

बतूलला सांगता आलं असतं. मला नकोच होत्या, वासाने मी ओकले, इतकंच. चार-सहा शब्दांचं काम. पण ते सांगितलं असतं की चौकशी पुन्हा फिरून फळ्यावर, चहावर, मयतीवर आणि मातीवर आली असती. तिने सगळ्यांकडे बघितलं. सगळ्या तिच्याकडे बघत होत्या, आणि आठ वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या नजरेत तिच्यासाठी उत्तर मिळावं अशी आस होती.

"नाही आली," ती म्हणाली.

यात खोटं काही नव्हतं. बशी खरोखरच आली नव्हती.

लल्ला रकियांनी किटली खाली ठेवली आणि सुनेच्या कपाळावर हात ठेवला. पोरी, आधी नाही का सांगायचंस, असं काहीतरी त्या पुटपुटल्या आणि मग रडल्या, खऱ्या रडल्या, एवढ्या दिवसांत प्रथमच. अय्याद येऊन बतूलच्या पायाशी बसला. बतूललाही रडू आलं. तिच्या छातीवरचा दगड उतरला होता. तो तीन मजले वर चढून कुणाच्या तरी दारात जाऊन बसला होता, एवढंच.

इमारतीतली माणसं सभ्य. हद्दूम मावशीला कुणी एक शब्दही बोललं नाही. तिच्याशी बोलणंच बंद झालं. बस थांब्यावर तिच्या पोळ्या घेणारे पलीकडच्या दुकानातून पाव घेऊ लागले. गच्चीवर धुणं वाळत घालायला बायका जोडीने जायच्या आणि तिची सावली पडेल त्या दोरीवर बाळाचे कपडे घालायच्या नाहीत. पहिल्या मजल्यावरची सून पाच महिन्यांची गरोदर होती. तिला वरच्या जिन्यात पाऊल टाकायची बंदी झाली. गच्चीवरची शेगडी पेटेनाशी झाली.

बतूल दोन आठवड्यांनी शाळेत जाऊ लागली. पुढची तपासणी होती तेव्हा तिने सुईणबाईंना विचारलं. सहज विचारल्यासारखं विचारलं, म्हणजे वर्गातल्या एखाद्या मुलीने विचारलंय असं दाखवून: डोहाळे पुरे झाले नाहीत तर मूल जातं का?

सुईणबाईंनी चष्मा काढला आणि शास्त्रीय आवाजात सांगितलं की याला काहीही आधार नाही, या अडाणी समजुती आहेत, आणि आपल्यासारख्या शिकलेल्या बायकांनी त्या खोडून काढल्या पाहिजेत. वहीत शिक्का मारला. मग वही परत देताना आवाज उतरवून म्हणाल्या, "पण एक बशी पाठवायला त्या बाईचं काय जात होतं?"

म्हणजे गोष्ट आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचली होती.

आणि मग मनःस्थितीचा रकाना आला. चांगली का बरी. बतूल म्हणाली, बरी.

हद्दूम मावशी आली ती एका गुरुवारी दुपारी. लल्ला रकिया गुरुवारी हमामात न्हायला जातात हे सगळ्या इमारतीला माहीत, म्हणून ती वेळ तिने निवडली असणार. दारात उभी राहिली; आत ये म्हटल्यावरही उंबऱ्याच्या आतच, कडेला बसली. हात मांडीवर होते. पिठाचे हात, धुतले तरी नखांत पांढरे राहतात तसे.

तिने फार वेळ घेतला नाही. त्या दिवशी पाच तारल्या होत्या, म्हणाली. शेगडीवर ठेवल्या आणि दोरीवरचा कपडा उडाला तो धरायला गेली, तेवढ्यात जळल्या. पार काळ्या. खाली पोटुशी बाई आहे, बशी पाठवायला हवी, हे तिच्या मनात आलं होतं. पण जळलेला मासा गरोदर बाईला पाठवायचा कसा? लोक म्हणाले असते, म्हातारीने कोळसा पाठवला. म्हणून नाही पाठवला. स्वतःही नाही खाल्ला, मांजराला घातला.

"मी लाजले गं," ती म्हणाली. "लाजले आणि तुझं लेकरू गेलं. मला माफ कर."

बतूलच्या तोंडून मग ते बाहेर पडलं, तीन आठवडे अडकलेलं. "मावशी, मला त्या नकोच होत्या. खरंच सांगते. मला तारल्या आवडतच नाहीत. वास छान आहे असं मी उगाच म्हटलं, रीत म्हणून. वर येऊन मी ओकले. तुमच्यामुळे काही झालेलं नाही. कुणामुळेच नाही, डॉक्टरांनी सांगितलंय."

हद्दूम मावशी तिच्याकडे बघत राहिली. आधी वाटलं तिला हे पटत नाहीये; सुनेने म्हातारीचं मन राखायला रचलेली गोष्ट, असं ती समजतेय. पण बाई वीस वर्षं बस थांब्यावर उभी राहिलेली होती. माणूस खरं कधी बोलतं हे तिला कळत होतं. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी पसरत गेलं. तो आनंद नव्हता. पाठीवरचं ओझं उतरवायला कुणी हात पुढे केला की आधी पाठ दुखते, तसं काहीसं होतं.

"मग हे सासूला सांग," ती म्हणाली. आवाज अगदी साधा. "मला कशाला सांगतेस? मी खाली उतरले की बायका पोरांना आत घेतात. सासूला सांग, तूरियाला सांग. एवढंच कर."

बतूल हो म्हणाली. म्हणताना तिचा तो बेतही होता.

खाली जिन्यात लल्ला रकियांच्या खडावांसारख्या सपातांचा आवाज आला. एकेक मजला. सोबत तूरियाही होती, तिचा दम लागलेला आवाज ऐकू येत होता. दोघी हमामात बरोबर जातात. हद्दूम मावशी उठून उभी राहिली, पण गेली नाही. बतूलकडे बघत भिंतीला टेकून थांबली.

त्या दोघी दारात आल्या, अंगाला साबणाचा आणि मेंदीचा वास, डोक्याला टॉवेल गुंडाळलेले, तोंडं लाल. हद्दूमला बघून थबकल्या. लल्ला रकियांनी सुनेकडे बघितलं, ही कशाला आली अशा अर्थाने. तूरियाने बादली खाली ठेवली आणि हात बांधले. न्यायालय भरलं.

सगळ्यांना बतूलच्या तोंडून ऐकायचं होतं.

बतूलने सासूबाईंच्या हाताकडे बघितलं. तोच हात, ज्याने त्या दिवशी कपाळाला स्पर्श केला होता आणि त्यानंतर रोज सकाळी तिच्या ताटात न मागता अंडं ठेवलं होतं. मी ओकले, मला नकोच होत्या: हे पाच शब्द जिभेवर होते. ते सांगितलं की सासूबाई आधी विचारणार होत्या, मग त्या दिवशी गप्प का बसलीस? आणि तो प्रश्न विचारून झाला की मग दुसरा: मग कशामुळे?

"मी माफ केलं, मावशी," बतूल म्हणाली. "अल्लाहही करो."

हद्दूम मावशीने मान हलवली. तिला आश्चर्य वाटल्यासारखं दिसलं नाही. ती पुढे आली, वाकून बतूलच्या खांद्याचं चुंबन घेतलं, आमच्याकडे माफी मिळालेला माणूस घेतो तसं, आणि दोघी बायकांच्या मधून वाट काढून जिना चढून गेली.

लल्ला रकिया म्हणाल्या, माझ्या सुनेचं काळीज केवढं मोठं आहे बघ. तूरिया म्हणाली, मी तर नसतं बाई केलं. मग दोघी चहाला बसल्या.

तेव्हापासून इमारतीत सगळं सुरळीत आहे. बतूलने माफ केलं म्हटल्यावर बाकीच्यांनी राग धरून ठेवणं बरं दिसलं नसतं; पोळ्या पुन्हा खपू लागल्या, धुणी पुन्हा सगळ्या दोऱ्यांवर पडू लागली. बतूलला जिन्यात आता पूर्वीपेक्षा चांगला सलाम मिळतो. अय्याद फोन करतो. पहिल्या मजल्यावरच्या सुनेला मुलगी झाली, डागाशिवाय.

फक्त एक नवीन रीत पडली आहे. हद्दूम मावशी आता काहीही शिजवायचं म्हटलं की आधी खाली उतरते. पहिल्या मजल्यापासून सुरुवात करते, एकेक दार वाजवते, आज हे हे करतेय म्हणून सांगते, कुणाला हवं का विचारते. बतूलच्या दाराशी ती शेवटी येते. उंबऱ्याबाहेर उभी राहते आणि डोळे वर करत नाही.

परवा ती मसूर शिजवणार होती. कांदा घालून, म्हणाली, तिखट नाही. हवी आहे का थोडी?

बतूल म्हणाली, नको मावशी, तुम्ही करा.

हद्दूम मावशी तिथेच उभी राहिली. तिला आणखी काही ऐकायचं होतं की नाही, ते बतूलला कळलं नाही. मग आतून सासूबाईंनी कोण आहे म्हणून विचारलं, आणि बतूलने दार लावून घेतलं.